ट्रकचा डिझेल हीटर: खराब झालाय हे कसे ओळखावे आणि नवा कसा बसवावा

डिझेल फिल्टरकडे नीट पाहिले तर बहुतेक गाड्यांत दोन कनेक्टर दिसतात. खाली, पाणी साठण्याच्या भांड्याला लागलेला तो पाण्याच्या सेन्सरचा. वर फिल्टरच्या डोक्यात, जाड वायरीचा आणि बहुधा दोन पिनांचा तो डिझेल हीटरचा. हा लेख त्या वरच्या कनेक्टरबद्दल आहे. स्वतःची गाडी स्वतः सांभाळणारे नवे मालक-चालक आणि गॅरेजमध्ये नुकतेच हाताखाली लागलेले फिटर, या दोघांना समोर ठेवून लिहिला आहे. गाडी २४ व्होल्टची, कॉमन रेल इंजिनाची (ज्यात रेल नावाच्या एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल जाते), म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-सहा किंवा त्याआधीची बीएस-चार धरली आहे.

हीटर मुळात कशासाठी

डिझेलमध्ये मेण असते. थंडी वाढली की ते मेण डिझेलमधून सुटते, आधी डिझेल गढूळ दिसते, मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसून वाट बंद करतात. टाकी भरलेली असते, पण इंजिनापर्यंत डिझेल पोचत नाही. भारतीय मानक १४६० प्रमाणे डिझेल फिल्टरमधून जाण्याची जी तापमानाची मर्यादा आहे ती हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ६ अंश आणि एरवी १८ अंश. साताऱ्यात किंवा सांगलीत पारा ६ च्या खाली सहसा उतरत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते तेवढा अपवाद सोडा. त्यामुळे आपल्या भागात हीटर वर्षभर झोपलेला असतो.

तरीही तो गाडी उभी करतो, आणि त्याची कारणे वेगळी आहेत. हीटर डोक्याला भोक पाडून बसवलेला असतो, त्यामुळे त्याची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, कडक झाली की तिथून हवा शिरते. त्याच्या पिना डिझेलच्या जागेतून बाहेर येतात, त्यामुळे पिनांची सील गेली की डिझेल कनेक्टरमध्ये उतरते. त्याला दहा अँपिअरच्या आसपास करंट लागतो, त्यामुळे ढिल्या पिना तापून प्लास्टिक वितळते. आणि तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद घेऊन गाडी जानेवारीत दिल्ली-पंजाबकडे गेली, की ज्या रात्री हीटर खरोखर लागतो त्या रात्री तो बंद असल्याचे कळते.

१. आधी खात्री करा, मग पार्ट घ्या

सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जातात. चांगला हीटर फेकून नवा आणला जातो आणि तक्रार तशीच राहते. म्हणून या पायरीला वेळ द्या.

हीटरवर संशय घ्यावा अशी लक्षणे: हीटरचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडणे, कनेक्टर काढल्यावर आत डिझेलचा ओलावा किंवा काळी पडलेली पिन दिसणे, डोक्याच्या वरच्या बाजूला ओलसर धूळ चिकटून राहणे, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खूप सेल (स्टार्टर) खाणे आणि एकदा चालू झाली की दिवसभर नीट चालणे.

शेवटचे लक्षण फसवे आहे. सकाळी सेल जास्त लागतो म्हणजे लाइन कुठेतरी हवा धरते आहे एवढेच कळते. ती हवा हीटरमधूनच येते असे नाही. टाकीतला सक्शन पाइप, रबरी नळीची क्लिप, फिल्टरचे गॅस्केट, तळाचा पाणी काढायचा कॉक, हँड प्रायमरचा (हाताने दाबून डिझेल भरायच्या पंपाचा) व्हॉल्व्ह, यांपैकी काहीही असू शकते. पहिला फिल्टर, ज्याला आपण वॉटर सेपरेटर म्हणतो, तो फीड पंपाच्या आधी बसतो. तिथे पंप डिझेल ओढत असतो. म्हणून इंजिन चालू असताना फटीतून डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. ठिबका दिसतो तो इंजिन बंद झाल्यावर, आणि बऱ्याचदा तोही दिसत नाही. "कुठेच लीक नाही" असे म्हणून गाडी परत पाठवली जाते ती यामुळेच.

हवेची जागा शोधण्याची साधी रीत अशी. संध्याकाळी हँड प्रायमर दगडासारखा घट्ट होईपर्यंत मारा. डोके आणि हीटरचा सांधा कोरड्या कापडाने पुसून काढा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. प्रायमर आणखी दहा-पंधरा वेळा दाबा. पावडरवर ओली रेघ उमटली की जागा सापडली. ही चाचणी प्रायमरच्या पुढच्या भागालाच लागू पडते. हीटर प्रायमरच्या मागे, टाकीच्या बाजूला असेल तर सेपरेटर आणि फीड पंप यांच्यामध्ये डिझेल सोसणारी पारदर्शक नळी तात्पुरती लावा, इंजिन आयडलवर ठेवा आणि बुडबुडे येतात का पाहा. मग सेपरेटरच्या आधी तीच नळी लावून पाहा. सेपरेटरच्या आधी बुडबुडे नाहीत आणि सेपरेटरनंतर आहेत, तर हवा सेपरेटरमध्येच शिरते आहे.

आता विजेची बाजू. मल्टीमीटर घेऊन हीटरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला आणि मीटरने "ओपन", म्हणजे जोड तुटलेला, दाखवले, की बहुतेक जण हीटर गेला म्हणून मोकळे होतात. पुष्कळ हीटरांच्या आत थर्मोस्टॅट असतो. तो साधारण ५ अंशांच्या आसपास जोडला जातो आणि पुढे २० अंशांच्या आसपास तुटतो. नेमके आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात. कराडच्या दुपारी ३० अंशांत तो हीटर ओपनच दाखवणार. तो चांगला असल्यामुळेच ओपन दाखवतो.

म्हणून बर्फ आणा. रसवंतीगृहात किंवा मासळी बाजारात किलो-दोन किलो सहज मिळतो. काढलेला हीटर (काढण्याची रीत पायरी ४ आणि ५ मध्ये आहे) जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिना आणि कनेक्टरचे तोंड पिशवीबाहेर कोरडे ठेवा, आणि बादलीत बर्फाच्या चुऱ्यात वीस ते तीस मिनिटे पुरून ठेवा. थर्मोस्टॅट जोडला गेला तर कान देऊन ऐकल्यास बारीकशी टिक ऐकू येते. मग मोजा.

मोजण्याआधी मीटरची दोन टोके एकमेकांना लावा. स्वस्त मीटर तिथेच ०.२-०.३ ओहम दाखवतो. तेवढे पुढच्या आकड्यातून वजा करायचे. २४ व्होल्टचा २५० वॅटचा हीटर धरला तर गणित २४ गुणिले २४ भागिले २५०, म्हणजे २.३ ओहम. थंड हीटर १ ते ५ ओहमच्या मध्ये असेल तर तो काम करतो आहे. बर्फातही ओपन असेल तर आतली कॉइल, चकती किंवा थर्मोस्टॅट गेला. जवळजवळ शून्य असेल तर शॉर्ट आहे, आणि फ्यूज का उडत होता तेही कळले. शेवटी एक पिन आणि हीटरचा धातूचा भाग यांत मोजा. दोन पिनांच्या हीटरमध्ये तिथे काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर तो बदलायलाच हवा, मग तो गरम होत असला तरी.

दुसरी फसगत कनेक्टरवर होते. चावी चालू करून टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागला नाही, म्हणून वायर तुटली असा निष्कर्ष निघतो. काही गाड्यांत हीटरचा रिले इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, चालवतो आणि थंडी असेल तेव्हाच करंट सोडतो. अशा गाडीत दुपारी दिवा न लागणे बरोबरच आहे. गाडीचे वायरिंग कोणत्या पद्धतीचे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहूनच वायर शोधायला घ्या.

२. पार्ट मागवताना

एकाच मॉडेलच्या गाड्यांत वर्ष बदलले की फिल्टरचे डोके बदलते. "अमुक गाडीचा हीटर द्या" एवढ्यावर दुकानदार हातात देईल तो बसेलच असे नाही. साताऱ्यातून किंवा कुपवाड एमआयडीसीतून पार्ट मागवताना हे सोबत ठेवा:

- आरसीची प्रत. त्यावरचा १७ अक्षरांचा चासी नंबर आणि इंजिन नंबर
- जुना हीटर, किंवा त्यावर कोरलेल्या पार्ट नंबरचा स्वच्छ फोटो
- कनेक्टरच्या तोंडाचा फोटो, पिना मोजता येतील असा
- गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस बुक आणि आधीची जॉब कार्डे

वॉरंटी चालू असेल तर हीटर काढण्यापासूनचे काहीही स्वतः करू नका. फिल्टरच्या डोक्याला बाहेरचा पाना लागला की उद्या इंजेक्टरची तक्रार निघाल्यावर बोट तिकडेच दाखवले जाते.

हीटर तीन प्रकारे येतो. डोक्यात वरून बसून तीन-चार स्क्रूंनी धरलेला. डोके आणि फिल्टर यांच्या मध्ये बसणारी जाड चकती. आणि डोक्यातच कायमचा बसवलेला, जिथे पूर्ण डोके बदलावे लागते. तुमचा कोणता ते गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय सांगू नका.

व्होल्टेज वाचा. छोट्या पिकअपचा १२ व्होल्टचा हीटर दिसायला अगदी तसाच असतो आणि काही वेळा तंतोतंत बसतोही. २४ व्होल्टवर तो जळतो. आणि ओ-रिंग हीटरसोबतच सीलबंद पाकिटात आली पाहिजे. दुकानातल्या डब्यातून "हीच माप" म्हणून मिळणारी काळी रिंग साध्या रबराची असेल तर डिझेलमध्ये फुगते आणि सहा महिन्यांत पुन्हा हवा धरते. व्हायटॉनची मागा.

३. हत्यारे आणि सामान

- ऍलन की आणि टॉर्क्स बिटांचा संच, बारीक टॉर्क पाना
- फिल्टर काढायचा पट्टा पाना
- मल्टीमीटर, मिळाल्यास डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर
- पाच लिटरचे स्वच्छ पसरट भांडे आणि तोंड रुंद असलेली काचेची बाटली
- नवा फिल्टर, नवी गॅस्केटे. बँजो बोल्ट (नळी जोडणारे पोकळ बोल्ट) उघडणार असाल तर तेवढे नवे तांब्याचे वॉशर
- धागे न सुटणारे कापड, मऊ ब्रश, स्प्रे क्लीनर, प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या आणि रबर बँड
- कोरड्या पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक, हाताशी

सुती बनियनच्या चिंध्या इथे नकोत. त्यांचा एक धागा डोक्यात राहिला तर तो फिल्टरच्या पुढच्या बाजूला असतो, म्हणजे त्याला अडवायला पुढे काही नाही. इंजेक्टरमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते.

४. गाडी उभी करणे

सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. केबिन उचलणार असाल तर लॉक पडल्याचा आवाज ऐका. खंबाटकीतून चढून आलेल्या गाडीवर लगेच हात घालू नका. सायलेन्सर आणि टर्बो निवू द्या. इंजिन बंद केल्यावर रेलमधला दाब उतरायला किमान दहा मिनिटे सोडा. चालू इंजिनात तो दीड हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि तेवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीत घुसते.

युरियाची टाकी असलेल्या गाडीत चावी बंद केल्याबरोबर बॅटरीचा कटऑफ पाडू नका. युरियाचा पंप एक-दोन मिनिटे चालून लाइन रिकामी करत असतो. मध्येच बॅटरी तोडली तर युरिया नळीत आणि नोझलवर सुकून त्याचे खडे होतात, आणि हीटरच्या कामातून दुसरेच मोठे काम उभे राहते. कटऑफजवळ दिवा असेल तर तो विझेपर्यंत थांबा, नसेल तर तीन-चार मिनिटे जाऊ द्या. मग कटऑफ पाडा.

टाकी अर्धी किंवा त्याहून कमी असताना हे काम करणे सोयीचे. टाकी वर आणि फिल्टर खाली असेल तर भरलेल्या टाकीतून डिझेल आपोआप वाहत येते.

५. जुना हीटर काढणे

काढण्याआधी धुणे. ऊस वाहणाऱ्या गाडीचे फिल्टरचे डोके हंगामात पाहा: शेतातला काळा चिखल, त्यावर पाचटाचा भुगा, त्यावर पुन्हा चिखल, असा बोटभर थर सुकून बसलेला असतो आणि हीटरचे स्क्रू कुठे आहेत हेही दिसत नाही. स्क्रूच्या खाचेतली माती टोकदार काडीने काढा, ब्रशने झाडा, क्लीनर मारून पुसा. वॉशिंग सेंटरची प्रेशरची धार इथे मारू नका. ती कनेक्टरच्या सीलमधून पाणी आत ढकलते. पाचटाचा भुगा सायलेन्सरच्या बाजूने पूर्ण काढून टाका, कारण आता इथे डिझेल सांडणार आहे.

१. दोन्ही कनेक्टर काढा. लॉकची जीभ दाबून कनेक्टर ओढा, वायर धरून नाही. कोणता कुठला ते चिकटपट्टीने लिहून ठेवा.

२. खाली भांडे ठेवून तळाचा कॉक उघडा. पहिले कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास बाजूला ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा तपकिरी गाळ बसला तर टाकीही साफ करावी लागेल. नवा हीटर लावून तो प्रश्न सुटणार नाही.

३. पट्टा पान्याने फिल्टर काढा. सरळ खाली उतरवा, तिरका करू नका. जुने गॅस्केट फिल्टरसोबत आले का पाहा. ते डोक्यालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसले, तर गाडी रस्त्यात डिझेल ओकते. ही चूक फार होते.

४. हीटरचे स्क्रू एकेक करून पूर्ण न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा. अडकलेल्या स्क्रूला भेदक तेल मारून दहा मिनिटे द्या. डोके ऍल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे असते. हातोड्याचा दणका बसला की चीर जाते.

५. हीटर हलके फिरवून सरळ बाहेर ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. ओ-रिंग बसते त्या गुळगुळीत जागेवर एक ओरखडा पडला तर नवी रिंगही हवा धरेल.

६. उघड्या भोकावर लगेच स्वच्छ पिशवी आणि रबर बँड. नवा हीटर हातात असला तरी.

चकतीच्या प्रकारात मधला पोकळ स्टड काढावा लागतो. त्याची वरची-खालची बाजू वेगळी असू शकते, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या.

६. कनेक्टर आणि वायर: इथे घाई नको

जुना हीटर का जळला याचे उत्तर पुष्कळदा वायरीत असते. कनेक्टर उजेडात धरून आत पाहा. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात फिरणाऱ्या गाडीत पिना हिरव्या पडलेल्या असतात. ढिल्या पिनेची जागा काळी-तपकिरी आणि प्लास्टिक कडेला मऊ झालेले असते. असा कनेक्टर साफ करून पुन्हा वापरू नका, पिनांसकट नवा लावा. पॉलिश पेपरने घासलेली पिन आज जोड देते आणि महिन्याभरात पुन्हा तापते, कारण तिचा मुलामा निघून गेलेला असतो.

नवी वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. जोड क्रिंप करून त्यावर आतून चिकट असलेली हीटश्रिंक नळी चढवा. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड डिझेलच्या वाफेत सुटतो. वायर चासीच्या धारेवर घासत असेल तर तिथे कोरुगेटेड पाइप घाला. कारखान्याच्या आवारात उसाचा नंबर लागेपर्यंत दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात, म्हणून हार्नेस हाताने चाचपत रिलेपर्यंत जा.

फ्यूज मॅन्युअलमध्ये लिहिला असेल तोच. २५० वॅटच्या हीटरला २४ व्होल्टवर सुमारे साडेदहा अँपिअर लागतात, म्हणून तिथे सहसा १५ किंवा २० चा फ्यूज असतो. तो उडतो म्हणून ३० चा घालणे किंवा त्यात तार घालणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायला ठेवणे. डिझेलने ओल्या डोक्याजवळ ती वायर पेटली तर गाडी हातची जाते.

७. नवा हीटर बसवणे

खाच कापडाने पुसा, बोटाने चाचपून पाहा. ओ-रिंगला स्वच्छ डिझेलचे बोट फिरवा. ग्रीस नको. एम-सील, शेलॅक, सिलिकॉन यांतले काहीही नको. त्याचे तुकडे सुटून पुढे जातात. ओ-रिंग पिळली गेली नाही ना, हे तिच्यावरची साच्याची बारीक रेघ गोल फिरताना एकाच बाजूला राहते का, यावरून कळते.

हीटर सरळ दाबून बसवा. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला रिंगचा अडथळा जाणवतो आणि मग तो "बसतो". स्क्रूंनी ओढून बसवायला गेलात तर रिंग कापली जाते. सगळे स्क्रू हाताने लावा, मग समोरासमोरचे आवळा. पाच मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. मनगटाच्या जोरावर आवळून डोक्याचे आटे घालवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

नव्या फिल्टरच्या गॅस्केटला डिझेल लावा, गॅस्केट डोक्याला टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि तिथून पुढे पाऊण फेरी. पट्टा पाना फक्त काढण्यासाठी आहे. फिल्टर कॅनमधल्या डिझेलने आधी भरून लावण्याची जुनी सवय कॉमन रेलमध्ये सोडा. ते डिझेल गाळलेले नसते आणि मधल्या भोकातून ओतले तर सरळ स्वच्छ बाजूला जाते. फिल्टर कोरडा लावा, प्रायमरने भरा. पाण्याच्या सेन्सरची रिंगही याच वेळी नवी घाला.

८. हवा काढणे

डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) एक-दीड फेरी ढिला करा, त्यावर नळी लावून टोक भांड्यात सोडा. प्रायमर सावकाश, पूर्ण खोल दाबत राहा. रिकाम्या फिल्टरला पन्नास ते शंभर दाब लागू शकतात. आधी फेस येतो, मग तुटक धार, मग अखंड. अखंड धार आल्यावरही दहा दाब मारा, स्क्रू बंद करा आणि प्रायमर घट्ट होईपर्यंत पुन्हा मारा.

इंजेक्टरचे पाइप ढिले करून हवा काढू नका. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांत ते चालत होते. कॉमन रेलमध्ये त्याने माणूस जखमी होतो.

कनेक्टर लावा, कटऑफ जोडा. चावी चालू करून अर्धा मिनिट थांबा, मग सेल मारा. एका वेळी १५ सेकंदांच्या वर नाही आणि दोन सेलांमध्ये दोन मिनिटे विश्रांती. तीन प्रयत्नांत चालू झाली नाही तर सेल मारत बसू नका, पुन्हा प्रायमरवर या. हाय प्रेशर पंपाला डिझेलचेच वंगण असते. तो कोरडा फिरवला की आत झिजतो आणि त्याची धातूची पूड सगळ्या इंजेक्टरांत जाते.

९. चालू झाल्यावर

पाच मिनिटे आयडल, मग पंधराशे आरपीएमवर दोन-तीन मिनिटे. इंजिन बंद करून सांधा कोरड्या टिश्यूने पुसा. टिश्यूवर थेंबभर डिझेलही स्पष्ट दिसते. चेक लाइट जळत राहिला तर स्कॅनर लावून जुना कोड पुसून घ्या.

हीटर चालतो का हे इथल्या हवेत पाहायचे तर पहाटेची वेळही पुरत नाही. डोक्याभोवती बर्फाची पिशवी अर्धा तास बांधा, कनेक्टर कोरडा ठेवा, चावी चालू करा आणि एका वायरीभोवती क्लॅम्प मीटर धरा. ८ ते १२ अँपिअर दिसले की झाले. रिले इसीएमवर असलेल्या गाडीत ही चाचणी स्कॅनरमधून रिले चालवून करावी लागते. हीटर सुटा हातात धरून बॅटरीला जोडून "तापतो का" पाहू नका. तो डिझेलमध्ये बुडून काम करण्यासाठी आहे. बाहेर तो क्षणात लाल होऊ शकतो आणि शेजारी डिझेलचे भांडे असते.

हीटर काढून भोक बुजवले तर?

हे सर्रास विचारले जाते, आणि बोल्ट-वॉशर लावून बुजवलेली डोकीही दिसतात. गाडी पुणे-कोल्हापूरच्या पलीकडे कधीच जात नसेल तरी असे करू नये. ते भोक बोल्टासाठी बनवलेले नसते, तिथे हवा धरतेच. नवा पार्ट यायला चार दिवस लागणार असतील तर हीटर जागेवर ठेवा, फ्यूज काढा, कनेक्टरच्या दोन्ही तोंडांना पिशवी बांधा. शॉर्ट झालेल्या हीटरवर गाडी अशी चालवता येते. हवा धरणाऱ्या हीटरवर हा उपाय चालत नाही.

उत्तरेकडे गाडी जात असेल तर नोव्हेंबरच्या आधी बर्फाची चाचणी एकदा करून घ्या. तिकडे डिझेल गोठले म्हणून टाकीत रॉकेल घालू नका. ती भेसळ आहे आणि रॉकेलने पंपाचे वंगण तुटते. टाकीखाली शेकोटी तर अजिबात नको. नव्या गाड्यांत नळ्या प्लास्टिकच्या असतात. संध्याकाळी मुक्काम करताना तिथल्याच पंपावर टाकी भरा. लडाखकडे भाडे असेल तर तिथे इंडियन ऑइलने २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल दिले आहे, तेच घ्या.

काढलेले डिझेल टाकीत परत ओतू नका. भिजलेली कापडे झाकणाच्या डब्यात ठेवा, डिझेल जुने तेल नेणाऱ्याकडे द्या. कृष्णेच्या किंवा कालव्याच्या काठावर गाडी धुताना ते पाण्यात जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल मारण्याआधी प्रायमर एकदा दाबून पाहा. पहिल्या दाबालाच घट्ट लागला तर काम झाले. मऊ लागला आणि आठ-दहा दाबांनंतर भरला तर हवा अजून कुठेतरी शिरते आहे. आधी फिल्टरचे गॅस्केट आणि तळाचा कॉक पाहा, कारण काल ते दोन्ही हलवलेले आहेत.